आचारसंहिता, विद्यापीठीय सेवकांची

आचारसंहिता, विद्यापीठीय सेवकांची : अधिनियमान्वये स्थापन झालेल्या व मुख्यतः सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतील अध्यापक, अधिकारी आणि शिक्षकेतर कर्मचारी यांची कर्तव्ये, वर्तणूक व तीवरील निर्बंध यांचे नियमन करणारा नियमसमूह. या नियमांचा काही भाग अधिनियम, परिनियम व अध्यादेश यांत लिखित स्वरूपात आढळतो; काही भाग व्यवसायनीतीच्या संकेतांवर आधारलेला असतो. पहिल्या प्रकारच्या नियमांचा भंग झाल्यास शिक्षा करता येते. दुसऱ्या प्रकारचे संकेत प्रामुख्याने सेवकाची सदसद्‌विवेकबुद्धी व सहकाऱ्यांचे मत यांच्या बळावर टिकतात. महाराष्ट्रात या संहितेची जडणघडण कशी झाली, हे औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठाच्या (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) इतिहासावरून विशेष स्पष्ट होते. संस्थानी राजवट, स्वातंत्र्योत्तर स्वायत्त विद्यापीठ आणि सामाजिक समतेचा लढा या तिन्ही अवस्थांतून येथील उच्च शिक्षण गेले आहे.

स्वरूप : विद्यापीठाचा सेवक एकाच वेळी तीन नात्यांनी बांधलेला असतो. विद्यापीठ हे निगम असल्याने तो त्या निगमाचा नोकर असतो. त्याचे वेतन जनतेच्या पैशातून येत असल्याने तो लोकसेवक ठरतो. आणि ज्ञानाच्या संपादनाशी व प्रसाराशी त्याच्या कामाचा संबंध असल्याने त्याच्याकडून विद्येच्या क्षेत्रातील प्रामाणिकपणाचीही अपेक्षा असते. ही तीन नाती नेहमीच एकमेकांशी जुळतात असे नाही. वरिष्ठांची आज्ञा पाळणे हे नोकराचे कर्तव्य होय; परंतु परीक्षकाने गुणदानात कोणाचीही आज्ञा मानता कामा नये. कार्यालयीन गोपनीयता राखणे आवश्यक असते. परंतु संशोधनाचे निष्कर्ष दडवून ठेवणे विद्याव्यवहाराच्या विरुद्ध ठरते. या विसंगतींचा मेळ कसा घालावा, हाच या संहितेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पूर्वपीठिका : सार्वजनिक सेवकांच्या सचोटीचा विचार भारतात प्राचीन काळापासून झालेला आहे. कौटिलीय ⇨ अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार वर्णिले असून, अधिकाऱ्यांवर देखरेख ठेवण्याचे उपायही सांगितले आहेत. मात्र विद्यापीठीय सेवक हा आधुनिक काळात निर्माण झालेला वर्ग आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, त्या वेळी ते केवळ परीक्षा घेणारे व महाविद्यालयांना संलग्नता देणारे विद्यापीठ होते. साहजिकच त्याच्या सेवकांच्या वर्तणुकीचा प्रश्न प्रश्नपत्रिकांची गुप्तता, गुणपत्रकांची अचूकता व निधीचा हिशेब यांपुरताच मर्यादित राहिला. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने अध्यापन व संशोधन ही कार्येही विद्यापीठांच्या कक्षेत आली आणि अध्यापकाच्या आचाराचा स्वतंत्र विचार करणे क्रमप्राप्त झाले.

महाराष्ट्रात या विचाराला चालना मिळाली, ती विद्यापीठाबाहेर, पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास वचनबद्ध होत. सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा व बाहेरील कामापासून होणारी प्राप्ती संस्थेची मानावी, असे बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांचे मत होते. नेमून दिलेले काम चोख पार पाडल्यावर उरलेल्या वेळात सदस्याने सार्वजनिक वा वैयक्तिक काम करण्यास प्रत्यवाय नसावा, असा दुसरा पक्ष होता. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा मतभेद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. अध्यापकाच्या वेळेवर संस्थेचा अधिकार किती व समाजाचा किती, हा या वादातील मूळ प्रश्न होता. खाजगी शिकवण्या, सल्लागारीचे काम, राजकीय कार्य इ. बाबतींत तो आजही उपस्थित होतो.

मराठवाड्यात याहून भिन्न परिस्थिती होती. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील महाविद्यालयीन शिक्षण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीत होते. अध्यापनाचे माध्यम उर्दू होते. विद्यापीठ राजाज्ञेने स्थापन झालेले असल्याने राजनिष्ठा हाच सेवकांच्या व विद्यार्थ्यांच्या वर्तनाचा प्रमुख निकष मानला जाई. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी करण्यात आली. ती न जुमानणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. एकाच कृतीस एका विद्यापीठाने शिस्तभंग मानले व दुसऱ्याने तीकडे प्रवेशाच्या आड येणारा दोष म्हणून पाहिले नाही. शिस्तीचा नियम कोणाच्या हितासाठी केला आहे, हे पाहिल्यावाचून त्याचे नैतिक मूल्य ठरविता येत नाही, याचे हे उदाहरण होय.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा प्रसार होऊ लागला. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने ख्यातनाम झाले. त्याच सुमारास नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले.

पहिले कुलगुरू सुंदरराव रामराव डोंगरकेरी हे त्यापूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनी लिहिला आहे. नव्या विद्यापीठाची धुरा अशा प्रकारे कार्यालयीन कारभाराचा दीर्घ अनुभव असलेल्या व्यक्तीकडे आली. बीबी का मकबरा व औरंगाबाद लेणी यांच्या सान्निध्यात उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाकडे येणारा विद्यार्थी बहुधा ग्रामीण भागातील, अवर्षणप्रवण प्रदेशातील आणि घरात प्रथमच महाविद्यालयात जाणारा असे. त्याला पात्रता प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र वा दुय्यम गुणपत्रिका मिळण्यास विलंब झाला, तर त्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नसे. प्रवेशाची किंवा नोकरीची संधी कायमची हुकण्याचा संभव असे. १९४४ मध्ये सुरू झालेल्या शालान्तोत्तर शिष्यवृत्ती योजनेचा आधार घेऊन शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याचे शिक्षण अर्ज वेळेवर पुढे पाठविणाऱ्या लिपिकावर अवलंबून असे. म्हणून कनिष्ठ सेवकाची तत्परता हा या विद्यापीठात सामाजिक न्यायाचाच एक भाग ठरला.

नामांतराचा कालखंड : २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली व प्राणहानी झाली. ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली व दीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार करण्यात आला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर औरंगाबादच्या विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद (धाराशिव) हे चार जिल्हे राहिले.

या सोळा वर्षांत विद्यापीठाचे नाव हाच सार्वजनिक वादाचा विषय होता आणि विद्यापीठाचा सेवकवर्ग ज्या समाजातून आला होता, तो समाज दुभंगलेला होता. सेवकाला नागरिक या नात्याने नामांतराविषयी मत असणे स्वाभाविक होते. परंतु प्रवेश देताना, उत्तरपत्रिका तपासताना, वसतिगृहातील जागा वाटताना वा मौखिक परीक्षा घेताना ते मत दाराबाहेर ठेवणे हे त्याचे कर्तव्य होते. निःपक्षपातीपणा हा शब्द सर्वच सेवानियमांत आढळतो. मराठवाड्यात मात्र त्याला जो अर्थ प्राप्त झाला, तो केवळ नियमाच्या शब्दांतून येणारा नव्हता. ज्याच्या वस्तीला आग लागली त्या विद्यार्थ्याने कार्यालयाच्या खिडकीशी विश्वासाने उभे राहावे, इतकी त्या संस्थेविषयी खात्री वाटणे, हा तो अर्थ होय.

नियमांची जडणघडण : विद्यापीठाचा कारभार प्रथम १९५८ च्या व नंतर १९७४ च्या मराठवाडा विद्यापीठ अधिनियमानुसार चाले. राज्यातील कृषीतर विद्यापीठांना समान असा महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम १९९४ मध्ये झाला. त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने घेतली व तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती निरनिराळ्या विद्यापीठांत भिन्न होत्या. त्यांत एकसूत्रीपणा आणण्यासाठी राज्य शासनाने १९८४ मध्ये कृषीतर विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये यांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी प्रमाण संहितेचे नियम केले. शासकीय सेवकांसाठी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम त्यापूर्वीच प्रचारात आले होते. देणग्या व भेटी स्वीकारणे, खाजगी व्यापार, आप्तांचे हितसंबंध, कार्यालयीन माहितीचे प्रकटीकरण इ. बाबींसंबंधी त्यांतील तत्त्वे सार्वजनिक सेवेचा सर्वसाधारण मानदंड समजली जातात.

अध्यापकांची व्यवसायनीती : अध्यापकांसाठी स्वतंत्र नीतिसंहिता असावी, ही कल्पना अन्य देशांतही आढळते. अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने १९६६ मध्ये व्यवसायनीतीविषयक निवेदन प्रसृत केले. ⇨ यूनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी शिफारस स्वीकारली. तीत हक्कांबरोबर कर्तव्यांचाही निर्देश आहे. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापकांच्या संघटनांनीच व्यवसायनीतीची संहिता तयार करावी व तिच्या पालनाकडे लक्ष द्यावे, असे सुचविले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने १९८९ च्या सुमारास संहिता तयार केली. आयोगाच्या २०१० व २०१८ च्या विनियमांत तिचा समावेश झाला.

या संहितेत अध्यापकाच्या संबंधांची विभागणी विद्यार्थी, सहकारी, अधिकारी, शिक्षकेतर कर्मचारी, पालक व समाज अशी केलेली आहे. धर्म, जात, लिंग, राजकीय मत वा आर्थिक स्थिती न पाहता विद्यार्थ्यांशी न्यायाने वागावे. विद्यार्थ्यांना सहाध्यायी वा अन्य अध्यापक यांच्याविरुद्ध चिथावू नये. जबाबदारीस बाधक ठरेल असे अन्य काम, विशेषतः खाजगी शिकवणी, स्वीकारू नये. अशी तीतील प्रमुख तत्त्वे आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सहकारी मानून समान प्रयत्नात सहभागी करून घ्यावे, हा त्यांतील निर्देश भारतीय विद्यापीठांच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. २०१८ च्या विनियमांनी कुलगुरू, प्राचार्य, ग्रंथपाल व शारीरिक शिक्षण संचालक यांच्याकडूनही विशिष्ट आचरणाची अपेक्षा नमूद केली. त्याच विनियमांनुसार पूर्ण वेळ अध्यापकाने आठवड्यास किमान चाळीस तासांचे काम करावे व दररोज किमान पाच तास संस्थेत उपलब्ध असावे, असे ठरविण्यात आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील वादाचे एक प्रकारे हे शासकीय उत्तर होय. तथापि तासांच्या मोजणीने अध्यापनाची आस्था मोजता येत नाही, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

परीक्षाविषयक आचार : विद्यापीठाच्या विश्वासार्हतेची कसोटी परीक्षाव्यवस्थेत लागते. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये विद्यापीठ, मंडळ व अन्य विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. परीक्षाविषयक कामात साहाय्य करणे हे अध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांचे बंधनकारक कर्तव्य असून त्यात कसूर करणे हे गैरवर्तन समजले जाते. प्राश्निक, परीक्षक, नियामक किंवा कर्मचारी यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमण्याची तरतूद विद्यापीठ अधिनियमात आहे. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत व कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत निकाल जाहीर व्हावेत, असेही अधिनियम सांगतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांचे संगणकीय पडद्यावरील मूल्यमापन पुरेशा पूर्वतयारीविना सुरू झाल्याने निकाल दीर्घ काळ रखडले आणि अखेरीस कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विलंब हाही गैरकारभाराचाच प्रकार आहे, हे या घटनेने अधोरेखित केले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस माहितीच्या अधिकारान्वये आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. त्यामुळे परीक्षकाचे काम प्रथमच विद्यार्थ्याच्या नजरेखाली आले.

लोकसेवक म्हणून स्थान : परीक्षकाने लाच घेतल्यास तो लोकसेवक म्हणून शिक्षेस पात्र ठरतो काय, हा प्रश्न गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विद्यापीठाचा परीक्षक त्या नात्याने लोकसेवकाच्या तत्कालीन व्याख्येत बसत नाही, असा निर्णय १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी देण्यात आला. ही उणीव १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने भरून काढली. त्यातील व्याख्येत कुलगुरू, नियामक मंडळाचे सदस्य, प्राध्यापक, अन्य अध्यापक, कर्मचारी, तसेच परीक्षेच्या कामासाठी ज्यांची सेवा घेतली आहे अशा व्यक्ती, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे एका उत्तरपत्रिकेपुरता नेमलेला बाहेरचा परीक्षकही त्या कामापुरता लोकसेवक ठरतो.

विद्यापीठाचा सेवक शासकीय सेवक नसल्याने संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्यास मिळत नाही. मात्र विद्यापीठ हे संविधानाच्या १२ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘राज्य’ असल्याने त्याच्यावरील कारवाई समतेच्या व नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांस धरून व्हावी लागते. दोषारोपपत्र देणे, खुलाशाची संधी देणे, निःपक्षपाती चौकशी करणे व दोषाच्या प्रमाणात शिक्षा करणे हे तिचे टप्पे होत. निलंबन ही शिक्षा नसून त्या काळात सेवकास निर्वाह भत्ता मिळतो. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे यांसारख्या सौम्य आणि पदावनती, सेवेतून काढून टाकणे, बडतर्फी यांसारख्या कठोर, असे शिक्षांचे प्रकार आहेत. बडतर्फी वा पदावनतीविरुद्ध सेवकास विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. इतर गाऱ्हाण्यांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे.

संघटना व नागरिकत्व : अध्यापकास शासकीय सेवकापेक्षा अधिक राजकीय स्वातंत्र्य असते. राज्याच्या विधान परिषदेत शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ असून औरंगाबाद विभागातही असा मतदारसंघ आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने कामगार नसल्याचे ठरविले. त्यामुळे अध्यापकांच्या संघटनांना कामगार कायद्याचा आधार उरला नाही व संघर्षाचे साधन म्हणून परीक्षाकार्यावरील बहिष्कार पुढे आला. २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी थकीत वेतन व पात्रतेसंबंधीच्या मागण्यांसाठी असा बहिष्कार कित्येक आठवडे चालविला व तो मागे घेण्याच्या प्रक्रियेत मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले. मागण्या न्याय्य असल्या, तरी त्यांची झळ वादात पक्षकार नसलेल्या विद्यार्थ्यास किती लागू द्यावी, हा या प्रसंगातील नैतिक प्रश्न होता. शासनाने दिलेला शब्द वेळेवर न पाळणे ही त्याचीच दुसरी बाजू होती.

नवीन क्षेत्रे : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संहितेची व्याप्ती वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये अधिनियम झाला व विद्यापीठांत अंतर्गत तक्रार समिती आवश्यक ठरली. संशोधक विद्यार्थी दीर्घ काळ एकाच मार्गदर्शकावर अवलंबून असल्याने ही तरतूद विद्यापीठांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी जातिभेदमूलक वर्तनास प्रतिबंध केला. २०१८ च्या विनियमांनी वाङ्‌मयचौर्याची प्रतवारी केली. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय मानलेले नसून, साठ टक्क्यांहून अधिक साम्य हा सर्वांत गंभीर प्रकार समजला जातो.

समीक्षण : १९५८ नंतरच्या काळात नियमांची संख्या वाढली, त्यांची भाषा अधिक नेमकी झाली व दाद मागण्याची साधने उपलब्ध झाली. असे असले, तरी या संहितेच्या काही मर्यादा कायम आहेत. चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळल्यास निर्दोष सेवकास शिक्षा झाल्यासारखेच होते व दोषी सेवक निवृत्त होऊन सुटतो. रिक्त जागा न भरता तात्पुरत्या व कंत्राटी सेवकांकडून काम करून घेतल्यास त्यांच्याकडून निर्भय वर्तनाची अपेक्षा करणे कठीण जाते. कारण ज्याची नोकरी वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्यास गैर आज्ञा नाकारता येत नाही. शिवाय संहितेचा भर कनिष्ठांच्या नियमनावर अधिक आणि अधिकारपदावरील व्यक्तींच्या उत्तरदायित्वावर कमी राहिलेला आहे. सेवेची सुरक्षितता व सेवेची सचोटी या परस्परपूरक गोष्टी असून एकीच्या अभावी दुसरी टिकत नाही. विद्यापीठाची प्रतिष्ठा त्याच्या पदवीवरील विश्वासावर अवलंबून असते. हा विश्वास दीक्षान्त समारंभात व्यक्त होत असला, तरी तो प्रत्यक्षात घडतो वर्गात, प्रयोगशाळेत, परीक्षा विभागात आणि खेड्यातून एका प्रमाणपत्रासाठी आलेल्या विद्यार्थ्याशी कार्यालयात होणाऱ्या व्यवहारात.